खुर्चीवरच्या माणसाला दोष देण्यापूर्वी

विमान अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून एकच प्रश्न विचारला जातो : चूक वैमानिकाची की नियंत्रकाची? आगगाडी घसरली तर चालकाची की केबिनमनची, बस दरीत गेली तर ड्रायव्हरची की वर्कशॉपमधल्या मेकॅनिकची. या प्रश्नाची घडणच अशी आहे की उत्तर कोणत्याही बाजूने आले तरी ते एखाद्या पाळीवर काम करणाऱ्या पगारदार माणसाच्या नावावर येऊन थांबते. ज्याने भरती रोखली, ज्याच्या टेबलावर दुरुस्तीची फाईल पडून राहिली, ज्याने तीन माणसांचे काम एकावर सोपवले, त्याचे नाव या प्रश्नात बसतच नाही.

मी हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली आहे. त्या कामातला एकच प्रसंग घेऊन हा मुद्दा मांडण्याचा प्रयत्न येथे करतो. प्रसंग असा : ढग खाली आलेले आहेत, वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही, तो केवळ उपकरणांच्या भरवशावर विमान खाली आणतो आहे आणि ठरलेल्या मार्गावरून किंवा ठरलेल्या उंचीवरून तो ढळतो. अशा वेळी जमिनीवर खुर्चीत बसलेल्या माणसाने काय करायचे असते, तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही? हे एकदा नीट समजून घेतले, तर रेल्वे, वीज, रासायनिक कारखाने, इस्पितळे अशा सर्वच ठिकाणच्या आपल्या सभासदांना त्यात आपल्या कामाचे प्रतिबिंब दिसेल.

नियंत्रकाच्या हातात काय असते?

धावपट्टीजवळ बसवलेल्या आय.एल.एस. या यंत्रणेतून दोन रेडिओ झोत निघतात. एक झोत धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो, दुसरा उताराचा कोन दाखवतो. हा कोन साधारणपणे ३ अंशांचा असतो. म्हणजे एक सागरी मैल पुढे जाताना विमानाने तीनशे फुटांहून थोडे जास्त खाली यायचे. धावपट्टी १० मैलांवर असताना विमान सुमारे ३,००० फुटांवर असले पाहिजे. नेहमीच्या प्रकारच्या उतरणीत जमिनीपासून २०० फुटांपर्यंत आल्यावर वैमानिकाने निर्णय घ्यायचा : धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचे, नाही दिसले तर विमान पुन्हा वर न्यायचे. याला ‘गो अराउंड’ म्हणतात.

या सगळ्यात नियंत्रकाच्या हातात विमानाचा एकही दांडा नसतो. त्याच्याजवळ असतो तो कान, आवाज आणि नशीब चांगले असेल तर रडार. तो उंची नेमून देतो, दिशा देतो, हवेचा दाब सांगतो, वैमानिकाने ते परत उच्चारले की बरोबर आहे का ते ऐकतो. विमान मध्यरेषेवर आले का ते विचारतो. मार्ग ढळताना दिसला तर सांगतो. परिस्थिती हाताबाहेर जाते आहे असे वाटले तर विमान वर न्यायला सांगतो. जमिनीच्या अगदी जवळ आलेल्या विमानातली दोन्ही माणसे कामात बुडालेली असतात, तेव्हा मध्येच बोलणेही धोक्याचे ठरू शकते. न बोलणे त्याहून धोक्याचे ठरू शकते. हा तोल साधायला मिनिटभरही मिळत नाही. ताशी १४० सागरी मैल वेगाने येणाऱ्या विमानाला शेवटचे चार मैल कापायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. आणि त्याच वेळी त्याच लहरीवर दुसरी चार विमाने बोलत असतात.

मुंबईच्या विमानतळाचे उदाहरण घ्या. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकाच धावपट्टीवर सगळा भार पडतो. एका विमानाला परत वर पाठवले की मागच्या सगळ्या रांगेची मांडणी पुन्हा करावी लागते. इंधन जळते, वेळापत्रक कोसळते, फोन वाजू लागतात. कोणीही लेखी सांगत नाही की ‘शक्यतो परत पाठवू नका’. पण कामगारांना न लिहिलेला हुकूमही वाचता येतो. गिरणीत उत्पादनाचा आकडा वाचता येत होता, तसाच.

मंगळूर : विचारले होते, उत्तरही मिळाले होते

२२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर उतरताना पुढे निघून दरीत कोसळले. १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले, फक्त ८ वाचले. मृतांमध्ये आखातात राबून घरी परतणारे बरेच कामगार होते, हे आपण विसरता कामा नये.

एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने थेट कारण म्हणून कप्तानाने चुकीची उतरण न सोडणे हे नोंदवले आहे. विमान ठरलेल्या उतारापेक्षा फार उंचावर होते. सहवैमानिकाने तीन वेळा वर जाण्यास सुचवले, यंत्राने वारंवार इशारे दिले, तरी कप्तान थांबला नाही. प्रवासात तो बराच वेळ झोपलेला होता आणि त्या झोपेचा अंमल उतरलेला नसावा, असेही अहवाल म्हणतो. येथवर वाचून बहुतेकांनी अहवाल मिटला आणि ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारला.

पण पुढे वाचले पाहिजे. अहवालातील सहाय्यक कारणांमध्ये एक असे आहे की मंगळूरचे रडार बंद होते. २० मे पासून ते नादुरुस्त होते. त्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा कमी अंतर शिल्लक असताना मिळाली. म्हणजे विमान उंच राहण्याची सुरुवात तेथे झाली. दुसरे असे की सहवैमानिकाने स्वतःहून ताबा घेऊन विमान वर न्यावे की नाही, याबाबतच्या सूचनांमध्येच संदिग्धता होती. तो बोलला, पण त्याने दांडा धरला नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नियंत्रकाने विचारले होते की विमान आय.एल.एस.च्या मार्गावर स्थिर झाले आहे का. कप्तानाने सहवैमानिकाला जोर देऊन ‘अफर्मेटिव्ह’, म्हणजे ‘होय’, असे उत्तर द्यायला लावले. ते ऐकून नियंत्रकाने उतरण्याची परवानगी दिली. रडार चालू असते तर त्या ‘होय’वर विसंबण्याची गरज पडली नसती. पडद्यावर उंची दिसली असती, आणि ‘तुम्ही फार वर आहात’ असे म्हणायला एक तिसरा माणूस उभा राहिला असता. कदाचित त्याचेही ऐकले गेले नसते. पण ती संधी त्या दिवशी नव्हती. ज्याला आपण चूक म्हणतो ती अशी थरांची बनलेली असते, आणि सर्वांत वरच्या थरावर काम करणारा माणूस दिसतो इतकेच.

पॅरिस आणि माझी एक रातपाळी

आता उलट बाजू पाहू, जेथे चूक नियंत्रकाकडून झाली. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक एअरबस विमान उतरत होते. त्या धावपट्टीची आय.एल.एस. यंत्रणा बंद होती, म्हणून विमान उपग्रहाच्या आधाराने आणि उंचीसाठी हवेच्या दाबाच्या आधाराने येत होते. दाब होता १००१. नियंत्रकाने सांगितला १०११. विमानातल्यांनी तोच आकडा लावला. दहा एककांचा फरक म्हणजे उंचीत सुमारे २८० फुटांचा फरक. काट्यावर सगळे ठीक दिसत होते आणि विमान प्रत्यक्षात तितके खाली होते. पाऊस होता, धावपट्टी दिसत नव्हती. नियंत्रकाच्या पडद्यावर उंची कमी असल्याचा इशारा आला, त्याने विमानाला विचारलेही. पण तोपर्यंत वैमानिकांनी आपल्या निर्णयाच्या उंचीवर येऊन धावपट्टी न दिसल्यामुळे विमान वर घेतले होते. फ्रान्सच्या अपघात चौकशी संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे ते जमिनीपासून ६ फुटांपर्यंत आले होते, आणि तेही धावपट्टीच्या अलीकडे. सहा फूट म्हणजे एका उंच माणसाएवढे. कोणालाही खरचटले नाही.

हा अहवाल मी वाचला तेव्हा मला माझी एक रातपाळी आठवली. विमानतळाचे नाव सांगत नाही. पावसाळ्याचे दिवस होते, दाब खाली गेलेला होता, ९९६. वैमानिक ज्या गावाहून निघाला होता तेथे तो १००६ असावा. मी ९९६ सांगितले. त्याने परत उच्चारताना १००६ म्हटले. मी ऐकले, पण ऐकले नाही. त्याच क्षणी दुसरे विमान निघण्याची परवानगी मागत होते, आणि शेजारच्या खुर्चीवर जो सहकारी बसायला हवा होता ती जागा महिनोन्महिने रिकामी होती. विमानाला ३,००० फूट दिले होते. पडद्यावर २,७०० दिसू लागले. मी उंची तपासायला सांगितली. तो म्हणाला, बरोबर तीन हजारांवर आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दाब पुन्हा सांगितला, आकडे एकेक करून. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग बरोबर उत्तर आले. विमान सुखरूप उतरले.

हिशेब करून पाहा. निर्णयाची उंची २०० फूट आणि काट्याची चूक पावणेतीनशे फुटांची. काटा २०० दाखवेल तोवर विमान जमिनीला टेकलेले असते. झोत त्याला धावपट्टीवर आणत होता म्हणून कदाचित निभावले असते. पण ‘आता वर जा’ असे सांगणारा काटा त्या रात्री खोटे सांगत होता.

सकाळी पाळी संपली. मी नोंदवहीत काय लिहिले? काहीच नाही. वैमानिकानेही काही लिहिले नाही. एका वरिष्ठ सहकाऱ्याला मी खासगीत सांगितले, तेव्हा त्यांनी सल्ला दिला, “अहो, झाले नाही ना काही? मग कशाला स्वतःच्या हाताने दोषारोपपत्र लिहून देता?” त्यांचा हेतू चांगला होता. त्यांनी मला वाचवले. पण रिकाम्या खुर्चीबद्दल एक कागद तयार होऊ शकला असता, तो झाला नाही. ती खुर्ची पुढेही रिकामीच राहिली.

अमेरिकेतला एक धडा

आपल्या व्यवसायात या गप्प बसण्याची किंमत एकदा फार स्पष्टपणे मोजली गेली आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टी.डब्ल्यू.ए. कंपनीचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होते. धावपट्टी चाळीसहून अधिक मैल दूर असतानाच नियंत्रकाने उतरणीची परवानगी दिली. वैमानिकांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही. नियंत्रकांची समजूत अशी होती की डोंगर ओलांडेपर्यंत उंची सांभाळणे हे वैमानिकाचे काम. एकाच वाक्याचे दोन अर्थ, आणि मध्ये डोंगर. विमानातले सर्व ९२ जण ठार झाले.

चौकशी मंडळातच फूट पडली. बहुमताने वैमानिकांच्या निर्णयावर बोट ठेवले, अल्पमताने नियंत्रकांकडून उंचीचे बंधन न दिले जाण्यावर. पण दोघांनाही हे मान्य करावे लागले की नियमांची भाषा अस्पष्ट होती. आणि चौकशीत एक गोष्ट बाहेर आली, ती जास्त बोचणारी होती. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान हाच गैरसमज होऊन त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत तसे कळवले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. बाकीच्यांपर्यंत ती गोष्ट पोहोचली नाही.

त्यानंतर १९७६ मध्ये तेथे एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिक, नियंत्रक, कोणीही आपल्या किंवा दुसऱ्याच्या चुकीची माहिती कळवू शकतो. ती माहिती नियम मोडल्याबद्दल शिक्षा करणाऱ्या खात्याकडे जात नाही, तर ‘नासा’ या वेगळ्या संस्थेकडे जाते. नाव काढून टाकले जाते आणि धडा सगळ्यांना वाटला जातो. मुद्दा लक्षात घ्या : शिक्षा करणारा हात आणि ऐकणारा कान वेगवेगळ्या शरीराचे असले पाहिजेत. आपल्याकडेही स्वेच्छेने माहिती देण्याची तरतूद विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चौकटीत आहे. पण कागदावरची तरतूद आणि ज्याच्या हाती गोपनीय अहवाल, बदली आणि बढती आहे त्या साहेबाविषयीचा विश्वास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यंत्रांचा खर्च आणि माणसांची जबाबदारी

१२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दिल्लीहून निघालेले सौदी विमान वर चढत होते, कझाकस्तानचे विमान खाली येत होते. नियंत्रकाने एकाला १४,००० आणि दुसऱ्याला १५,००० फूट नेमून दिले होते, समोरून विमान येत असल्याचेही सांगितले होते. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले आणि ३४९ माणसे गेली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीने कझाक वैमानिकांवर ठपका ठेवला. नियंत्रकाचे शब्द ध्वनिफितीवर होते, म्हणून तो वाचला. पण दिल्लीच्या ज्या रडारवर तो काम करत होता त्यावर विमानाची उंची दिसत नव्हती. देशाच्या राजधानीत, ठिपके हलताना दिसत होते आणि उंची तोंडी विचारावी लागत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचा मार्गही एकच होता. उंची दाखवणारे नवे रडार, वेगळे मार्ग आणि विमानांमध्ये टक्कर टाळणारे यंत्र या गोष्टींना खरा वेग आला तो त्यानंतर. ३४९ प्रेते हे कोणत्याही निविदेचे योग्य सहपत्र नव्हे.

दुसरे उदाहरण युरोपातले. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनी-स्वित्झर्लंड सीमेवर उबरलिंगेन येथे दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण ठार झाले, त्यात बरीच शाळकरी मुले होती. झुरिकच्या केंद्रात त्या वेळी एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. दुसरा विश्रांतीला गेलेला होता, आणि ही प्रथा व्यवस्थापनाला ठाऊक होती व चालू दिलेली होती. देखभालीच्या कामासाठी यंत्रणेचा काही भाग आणि मुख्य फोनही बंद ठेवलेला होता. तो एकटा नियंत्रक त्याच वेळी उशिरा आलेल्या एका तिसऱ्या विमानाला उतरवण्याच्या खटपटीत होता. पुढे २००४ मध्ये, ज्याचे कुटुंब त्या अपघातात गेले होते अशा एका माणसाने त्या नियंत्रकाचा त्याच्या घराच्या दारात खून केला. त्या दुःखी बापालाही समोर दिसला तो खुर्चीवरचा माणूसच.

मात्र स्विस न्यायालयाने २००७ मध्ये जो निकाल दिला तो प्रत्येक कामगार संघटनेने फ्रेम करून लावण्यासारखा आहे. आठ आरोपींपैकी चौघे दोषी ठरले आणि ते चौघेही व्यवस्थापक होते. रात्री एकाच माणसावर सगळा भार टाकण्याची पद्धत चालू देणे हा गुन्हा आहे, हे एका न्यायालयाने मान्य केले.

आपल्या घरातही झाडू फिरवू

येथवर वाचून ‘म्हणजे कामगाराची काहीच जबाबदारी नाही’ असा अर्थ कोणी काढू नये. तसे मी म्हणत नाही, आणि संघटनेने तसे म्हणू नये. दारू पिऊन पाळीवर येणारा, जाणूनबुजून नियम धाब्यावर बसवणारा, नोंदी खोट्या करणारा, यांच्यासाठी संघटनेचा झेंडा हे पांघरूण नव्हे. मंगळूरच्या त्या ‘होय’ला आपण प्रामाणिक चूक म्हणू शकत नाही. खरी माहिती लपवून दिलेल्या उत्तराला संरक्षण मिळू नये. उलट, ऐकताना एक आकडा निसटला, थकव्याने एक वाक्य अर्धवट राहिले, आणि तसे त्या माणसाने स्वतः येऊन सांगितले, तर त्याला संरक्षण मिळालेच पाहिजे. या दोहोंतली रेषा आखणे अवघड आहे, पण ती एकट्या व्यवस्थापनाने आखू नये एवढे तरी नक्की.

आणखी एक कबुली द्यायला हवी. आपल्याच लोकांमध्ये चूक कळवणाऱ्याला ‘साहेबाचा माणूस’ समजण्याची सवय आहे. ज्या सहकाऱ्याने मला गप्प बसायला सांगितले तो चांगला कार्यकर्ता होता. निलंबन झाले की द्वारसभा, घोषणा, काळ्या फिती हे सगळे आपल्याला जमते. पण अपघात न होता टळलेल्या घटनेवर आपल्या शाखेने कधी सभा घेतली आहे का? टळलेली घटना हे आपल्या हातातले सर्वांत मोठे हत्यार आहे. तिच्यात कोणी मेलेले नसते, म्हणून कोणाला फाशी द्यायची घाई नसते, आणि मनुष्यबळाची कमतरता तिच्यातून पुराव्यासह दाखवता येते. ते हत्यार आपण स्वतःच नोंदवहीबाहेर ठेवतो.

१९८१ मध्ये अमेरिकेतील नियंत्रकांनी कामाचे तास कमी करावेत आणि पगार वाढवावा या मागण्यांसाठी संप केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून अधिक जणांना कामावरून काढून टाकले. त्यातून एवढेच शिकायचे की ज्या कामात संपाचा मार्ग अरुंद आहे, तेथे कागद हा जास्त भक्कम आधार ठरतो. लोकांना आपला त्रास समजत नाही, पण आपल्या थकव्याचा त्यांच्या मुलाबाळांशी काय संबंध आहे हे समजते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नियंत्रकांची अपुरी संख्या, कामाचा ताण आणि थकवा यांची दखल आपल्या अहवालात घेतली. आपण वर्षानुवर्षे बोलत होतो ते आता संसदेच्या छापील पानावर आहे. त्या पानाला खालून आधार देणारे कागद आपल्या प्रत्येक शाखेतून गेले पाहिजेत.

मागण्या काय असाव्यात?

माझ्या मते महासंघाने पुढील गोष्टी लावून धराव्यात. प्रामाणिक चूक स्वतः कळवणाऱ्यावर त्या माहितीच्या आधारे शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, असा लेखी करार व्हावा, आणि ती माहिती गोळा करणारी यंत्रणा मालकाच्या ताब्याबाहेर असावी. रात्रीच्या पाळीत कोणीही नियंत्रक एकटा बसणार नाही, आणि त्यासाठी मंजूर जागा प्रत्यक्षात भरल्या जाव्यात. रडार किंवा उतरणीची यंत्रणा बंद असेल तर त्या प्रमाणात विमानांची संख्या आपोआप कमी केली जावी; यंत्र बंद आणि भार तोच, असे चालणार नाही. धोका वाटल्यास विमान परत वर पाठवल्याबद्दल नियंत्रकाला, आणि वर गेल्याबद्दल वैमानिकाला, कोणीही जाब विचारू नये. शेवटची मागणी अशी की चौकशीच्या कार्यकक्षेत मनुष्यबळ, दुरुस्ती आणि वेळापत्रकाचे निर्णय घेणाऱ्यांचा समावेश सक्तीने असावा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अपघाताच्या चौकशीचा हेतू दोष वाटणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. मग पुढचा अपघात जेथे शिजतो त्या दालनाचे दार चौकशीने ठोठावायला नको का?

या मागण्या फक्त विमानतळावरच्या नाहीत. लाल सिग्नल ओलांडणारा मोटरमन किती तास सलग ड्युटीवर होता, चुकीचे औषध देणाऱ्या परिचारिकेकडे त्या रात्री किती रुग्ण होते, झडप उघडी विसरणाऱ्या कंत्राटी कामगाराला कोणी शिकवले होते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला हवा आहे.

त्या रातपाळीनंतर मी बरीच वर्षे नोकरी केली आणि सुखरूप निवृत्त झालो. त्या विमानातले प्रवासीही सुखरूप घरी गेले, त्यांना काही कळलेही नाही. पण नोंदवहीतली ती एक न लिहिलेली ओळ मला अजून आठवते. आज कामावर असलेल्या भावा-बहिणींना एवढेच सांगणे आहे की तुमची ओळ लिहा. आणि शाखेच्या पदाधिकाऱ्यांना सांगणे आहे की ती लिहिणाऱ्याच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून उभे राहा, निलंबनाचा कागद हातात पडेपर्यंत थांबू नका.